ज्यांनी आरशाची गाडी थांबवली

रशीदभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्याविरुद्ध भाषण करत होतो. गौरवग्रंथातील लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. अमृतमहोत्सव समितीच्या पत्रात 'हृद्य आठवणी' असा शब्द आहे. माझी पहिली आठवण लाजिरवाणी आहे. ती छापायची नसेल तर लेख परत पाठवा, असे मी समितीला कळवले होते. तुम्ही हे वाचत आहात, त्याअर्थी समितीने धीर केला आहे.

शेख रशीद शेख करीम हे मूळचे वडनेर भोलजीचे. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव, म्हणजे पट्टा, चढवायचे. तापवलेली धाव चाकावर बसवून पाणी ओतले की लाकूड कण्हते, आणि त्या आवाजावरून चाक किती वर्षे टिकेल ते वडील सांगायचे, असे रशीदभाई सांगतात. रेल्वेत ते खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले आणि पुढे आमच्या मेन लाइनवरच्या एका स्टेशनात गाडी तपासनीस झाले. स्टेशनाचे नाव मी लिहीत नाही. आज तिथे राबणाऱ्या माणसांचा या प्रकरणात काही दोष नाही.

गाडी तपासनीस म्हणजे तिकीट तपासणारा नव्हे. मालगाडी स्टेशनात शिरताना रुळाशेजारी उकिडवे बसून प्रत्येक चाकाचा आवाज ऐकायचा, गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने चाके वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे आणि धुऱ्याच्या पेटीला हाताची मागची बाजू लावून ताप पाहायचा, हे त्यांचे काम. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे रुळावर पाय ठेवता येत नाही. रशीदभाईंनी तिथे अख्खी नोकरी काढली.

आता आरशाविषयी. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी देशातील एका मोठ्या वेधशाळेसाठी परदेशातून दुर्बिणीचा आरसा आला. दोन दारे जोडली तरी घरात शिरणार नाही एवढा त्याचा व्यास. घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत तो टिकणार नाही म्हणून बंदरातून रेल्वेने न्यायचे ठरले. आडवा ठेवला तर तो फलाटांना आणि खांबांना घासला असता, म्हणून मधोमध खाली दबलेल्या खास वॅगनमध्ये लाकडी पेटीत कडेवर उभा केला होता. ती जुनी वॅगन, पुढेमागे दोन रिकामे डबे, शेवटी गार्डाचा डबा, आणि वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. ही गाडी आपल्या जिल्ह्यातून जाणार, हे ऐकून मी वेडा झालो होतो.

मी तेव्हा महाविद्यालयात शिकवत होतो आणि आमच्या विज्ञान मंडळाचा अध्यक्ष होतो. शेगावच्या फलाटावर मी शाळेची दोनशे मुले उभी केली. हातात कागदी तारे, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. गाडी सकाळी दहाला येणार होती. बारा वाजले, मुलांची तोंडे लाल झाली, दोघींना भोवळ आली. मग कुणीतरी सांगत आले की अलीकडच्या स्टेशनावर एका फिटरने आरशाची वॅगन गाडीतून काढून बाजूच्या रुळावर लावली आहे आणि तो ऐकायला तयार नाही.

मुलांना घरी पाठवून मी पंधरा माणसे घेतली आणि मिळेल त्या पॅसेंजरने संध्याकाळी तिथे पोहोचलो. फलाटावरच्या बाकावर उभा राहिलो. समोर तेलकट निळ्या कपड्यांतला एक माणूस हातात हातोडी घेऊन उभा होता. मी अर्धा तास बोललो. मला बोलता येते. त्याचा मला तेव्हा गर्व होता. त्या भाषणातले एक वाक्य दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेले: 'ज्यांना चाकापलीकडे दिसत नाही, त्यांच्या हाती देशाचा डोळा देऊ नका.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बाकावरून उतरलो तेव्हा तो माणूस जवळ आला. आता हा हातोडी उगारतो की काय, असे वाटले. त्याने माठातून तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे धरले.

"घसा सुकला असन, सर. पानी घ्या."

मी ते पाणी प्यायलो. तांब्या धरलेल्या हाताला फडके गुंडाळलेले होते. ते मी पाहिले. काय झाले म्हणून विचारले नाही. पाणी पिऊन, आभारही न मानता, परतीच्या गाडीत बसलो. ही आमची पहिली भेट.

खरे काय घडले होते ते मला दहा महिन्यांनी कळले, तेही मी शोधायला गेलो म्हणून नव्हे. रशीदभाईंचे खलाशी पुंडलिकराव एका सकाळी माझ्या घरी आले. हातात इंग्रजी कागदांची चळत होती. त्यांना मराठीही जेमतेम वाचता येते. रशीदभाईंवर आरोपपत्र आले होते आणि ते त्यांनी घरात कुणाला दाखवले नव्हते. पुंडलिकरावांनी ते स्टेशनातल्या त्यांच्या कपाटातून गुपचूप काढले आणि ज्याला इंग्रजी येते अशा, त्यांना माहीत असलेल्या एकमेव माणसाकडे आणले. तो माणूस मी होतो. ओळख कुठली, तर बाकावर उभे राहून ओरडणारे ते सर.

"वाचून सांगा, सर. आमच्या मिस्त्रीचं काय लिवलं हाय याच्यात?"

मी वाचू लागलो. विनाकारण वॅगन काढून राष्ट्रीय महत्त्वाच्या मालाला तीन दिवस विलंब केला, हा पहिला आरोप. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना मांडव घातला, हा दुसरा. आणि शेवटच्या पानावर, स्थानिक जनतेत तीव्र संताप असल्याचा पुरावा म्हणून, वर्तमानपत्राचे एक कात्रण. माझे वाक्य त्यांनी इंग्रजीत करून टाइप केले होते. इंग्रजीतही ते जोरदार दिसत होते.

मी थांबलो. पुंडलिकराव म्हणाले, "वाचा ना सर. काऊन थांबले?"

मी वाचले. स्वतःचे वाक्य त्यांच्यासमोर मराठीत पुन्हा म्हणालो. मग त्यांनीच मला त्या तीन दिवसांचा सगळा हिशोब सांगितला आणि मी मान खाली घालून ऐकला.

गाडी स्टेशनात शिरत असताना रशीदभाई नेहमीप्रमाणे रुळाशेजारी बसले होते. आरशाच्या वॅगनचे एक चाक त्यांना 'कच्चं', म्हणजे बिघडलेले, ऐकू आले. गाडी थांबताच त्यांनी धुऱ्याच्या पेटीला हात लावला. आत तेलात भिजवलेला सुताचा बोळा असतो. तो जळल्याचा वास येत होता. वर लाकडी पेटीखालची एक पाचर सरकून आरसा बोटभर कलला होता. त्यांनी खडूने वॅगनवर 'सिक' असे लिहिले. रेल्वेत वॅगनही आजारी पडते, आणि तपासनीसाने एकदा तसे लिहिले की ती पुढे जात नाही.

आरशासोबत गार्डाच्या डब्यातून एक तरुण अभियंते येत होते. ते धावत आले. वॅगन धडधाकट असल्याचा, निघाल्या ठिकाणचा शिक्क्याचा दाखला त्यांनी रशीदभाईंच्या तोंडासमोर धरला.

"कागद थंडा हाय, साहेब," रशीदभाई म्हणाले. "पेटी गरम हाय. हात लावून पाहा."

साहेबांनी हात लावला नाही. स्टेशनातल्या दुसऱ्या कुणीही लावला नाही, कारण हात लावला की पाहिल्यासारखे होते आणि पाहिले की सही करावी लागते. तेव्हा रशीदभाईंनी स्वतःचा हात पेटीवर ठेवला आणि तो ठेवूनच बोलत राहिले. तपासनीस क्षणभर हात लावतो आणि काढतो. त्यांनी काढला नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा साहेब ओरडले, काढा तो हात, आणि त्यांनी वॅगन थांबवण्याच्या मेमोवर सही केली.

तांब्या धरलेल्या हाताला फडके होते ते त्यामुळे.

पुढचे तीन दिवस मोठ्या कारखान्यातून दुसरी चाके येईपर्यंत आरसा बाजूच्या रुळावर, उघड्या उन्हात उभा राहणार होता. एकाच बाजूने लाकडी पेटी तापली तर आतले आधार ढिले होतील, अशी अभियंत्यांना धास्ती. सावली कुठून आणायची? पुंडलिकरावांच्या मुलीचे लग्न दोनच दिवसांपूर्वी झाले होते आणि वडनेरला त्यांच्या दारात मांडव उभा होता. आपल्याकडे परतणी झाल्याशिवाय, म्हणजे लेक सासरहून माहेरी येऊन गेल्याशिवाय, मांडव सोडत नाहीत; सोडला तर लेकीच्या संसाराला ते लागते म्हणतात. रशीदभाईंनी मांडव मागितला नव्हता. पुंडलिकराव घरी जाऊन नुसते हकीकत सांगत होते. त्यांच्या पत्नी शेवंताबाई उठल्या आणि स्वतःच मांडवाच्या गाठी सोडू लागल्या. भावकीतल्या बायका बोलल्याच.

"लेक नांदीन सुखानं," शेवंताबाई म्हणाल्या. "थो आरसा बी कोनाची तरी लेकच हाय. उन्हात काऊन उभी ठेवता तिले?"

तो मांडव बैलगाडीतून स्टेशनात आला. वर विजेच्या तारा नसलेल्या रुळावर वॅगनभोवती बांबू रोवले, कापड पेटीपासून हातभर दूर ठेवले, पश्चिमेच्या अंगाला वाळ्याच्या ताट्या लावल्या. गावातली माणसे आरशाचे लगीन म्हणून हसून गेली. तीन दिवस, भाजलेला हात गळ्यात अडकवून, रशीदभाई त्या मांडवाखाली बसून होते. याच मांडवाचा पुढे दुसरा आरोप झाला. मी बाकावर उभा राहून बोललो तेव्हा तो मांडव माझ्या पाठीमागेच होता. मला तो कुणाच्या तरी लग्नाचा वाटला.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या लोकांनी धुऱ्याची पेटी उघडली. आतल्या पितळी बेअरिंगचे अस्तर वितळून वाहिले होते. आणखी थोडे अंतर गेले असते तर धुरा मोडला असता, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. चाके बदलली, पाचर ठोकली, आरसा गेला. रशीदभाईंनी टोपी काढून हात वर केला आणि मांडव सोडायला लागले.

मग चौकशी झाली. वॅगन खरोखर आजारी होती असे मान्य केले तर ती धडधाकट असल्याचा दाखला कुणी दिला हा प्रश्न आला असता, आणि ते नाव फार वरचे होते. तेव्हा उलट वाट धरली गेली. ते बेअरिंग भंगारात गेले. मेमो सापडेना. ज्यांनी त्यावर सही केली होती त्या अभियंत्यांनी लेखी कळवले की आपल्याला नीटसे स्मरत नाही. नाकात कातडी जळाल्याचा वास घेतलेल्या माणसाला स्मरत नाही! पुढे ते फार मोठे झाले. त्यांचे नाव लिहायची माझी इच्छा किती आहे हे समितीला ठाऊक आहे, म्हणून समितीने माझ्याकडून आधीच वचन घेतले.

मी साक्ष द्यायला गेलो. भाषण मी केले होते, ते अज्ञानातून केले होते, मला ते मागे घ्यायचे आहे, असे सांगितले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी चहा मागवला आणि चौकशी मिटल्याचे सांगितले. मी पत्रे लिहिली. वर्तमानपत्राला लिहिले; त्यांनी ते आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली, चार ओळींत छापले. माझी चूक मथळ्यात गेली होती. दुरुस्ती कुणाच्याच फायलीत गेली नाही. रशीदभाईंच्या सेवापुस्तकात 'कर्तव्यात कसूर' हे शब्द चढले. ठरलेली बढती गेली. ज्या हुद्द्यावर ते आरशाच्या दिवशी होते त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले, आणि ते शब्द आजही तिथेच आहेत.

माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते जेवत होते. त्यांनी मला ताटावर बसवले. भाभींनी आग्रहाने भाकरी वाढली. मी काहीबाही बोलू लागलो तर रशीदभाई म्हणाले, "भाषन मातर झ्याक होतं, सर. मले बी टाळी वाजवाव वाटली. पन हात भाजेल होता."

एवढेच. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मला स्टेशनात नेले आणि रुळाशेजारी उकिडवे बसवले. तुम्ही लय बोलता, आता जरा आयका, असे म्हणाले. एक मालगाडी स्टेशनात शिरली. मला नुसता खडखडाट ऐकू आला. कितवे चाक कच्चे होते, असे त्यांनी विचारले. मग त्यांनीच सांगितले, आणि गाडी थांबल्यावर तेच चाक निघाले. पन्नाशीकडे झुकलेल्या मला तेव्हा विद्यार्थी होणे म्हणजे काय ते पुन्हा कळले.

निवृत्तीनंतर ते आमच्या विज्ञान मंडळासाठी शाळाशाळांतून फिरले. एक हातोडी, दोन जुनी चाके, एक चांगले आणि एक तडा गेलेले. मुलांना डोळे मिटून ओळखायला लावायचे. आरशाची गोष्ट त्यांनी एकाही शाळेत सांगितली नाही. मी सांगायला लागलो तर पाणी प्यायला बाहेर जायचे.

अमडापूरच्या बाजाराच्या दिवशीचा प्रसंग माझ्यासमोर घडला. कापूस वेचून परतणाऱ्या बायांनी भरलेली ट्रॉली समोरून आली. रशीदभाई चहाचा कप ठेवून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ट्रॅक्टरवाल्याने त्यांची सात पिढ्यांसकट आठवण काढली. बायाही चिडल्या, कारण उरलेले तीन मैल पायी जावे लागणार होते. चाक काढले तेव्हा आतले बेअरिंग चुरा होऊन हातात आले. ट्रॅक्टरवाल्याचा आवाज बंद झाला, बायांचा नाही. त्या जाईपर्यंत बोलत होत्या. मी म्हणालो, भाई, यांना निदान सांगा तरी. ते म्हणाले, "पायी चालून शिव्या देऊन राह्यल्या, म्हंजे जित्या हायेत. चांगलं हाय ना."

माझ्यात आणि त्यांच्यात हा फरक आहे. मला हे पुरत नाही. मला राग येतो आणि तो मी म्हातारपणी आवरायला शिकलो नाही. ज्या समाजात काम करणाऱ्याने निमूट राहावे आणि त्या निमूटपणाचे आपण कौतुक करावे, त्या समाजाला शाल-श्रीफळ फार आवडते. शालीखाली पुष्कळ झाकता येते. रशीदभाईंच्या क्षमाशीलतेवर या ग्रंथात चार लेख आहेत. क्षमा करण्याइतके त्यांच्यावर काय काय लादले गेले, यावर एकही नाही. म्हणून हा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे, म्हणजे रशीदभाई, पुंडलिकराव आणि मी, ती वेधशाळा पाहायला गेलो. आरसा गेल्यापासून तिथून त्यांना कधी पोस्टकार्डही आले नव्हते. सर्वांसाठी खुल्या असलेल्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो आणि तिकीट काढून आत गेलो. माहिती सांगणारी मुलगी गोड बोलणारी, अभ्यासू होती. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तिने फलकावर होते ते सांगितले: आरसा रेल्वेने आणला गेला, आणि वाटेत स्थानिक कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे तो तीन दिवस अडकून पडला.

गर्दीतले लोक हसले. 'आपल्याकडे असंच चालतं' असे कुणीतरी म्हणालेही. पुंडलिकरावांना फलक वाचता आला नाही, पण ऐकता आले. ते "ओ बाई" म्हणत पुढे सरसावले. मीही तोंड उघडले होते. रशीदभाईंनी एका हाताने त्यांचे मनगट धरले आणि दुसऱ्याने माझे. माझ्या मनगटावर होता तो डाग पडलेला हात.

मग त्यांनी त्या मुलीला फक्त एक गोष्ट विचारली.

"बाई, आरशाच्या खालच्या कडेले, डाव्या अंगानं, कुठं टवका उडेल हाय काय?"

तिला प्रश्न विचित्र वाटला. पण ती मनाची चांगली. आत जाऊन विचारून आली. कड स्वच्छ आहे, कुठेही काही नाही, असे तिने सांगितले.

"मंग झालं," रशीदभाई म्हणाले, आणि आमची मनगटे सोडली.

तीस वर्षे हा माणूस त्या बोटभर कललेल्या कडेची काळजी वाहत होता. आपल्या बढतीची नाही, सेवापुस्तकाची नाही. पाचर सरकली तेव्हा आपण ऐकण्याआधी काही उडून तर गेले नसेल ना, एवढीच. परतीच्या गाडीत ते शांत झोपले. मी झोपू शकलो नाही.

समितीला माझी विनंती आहे की या सोहळ्यात जे मान्यवर व्यासपीठावर बसतील, त्यांच्यापैकी प्रत्येकाने हार घालण्याआधी दोन अर्जांवर सही करावी. एक वेधशाळेला, त्या फलकावरची ओळ बदलण्यासाठी. दुसरा रेल्वेला, सेवापुस्तकातले दोन शब्द काढण्यासाठी. अर्ज मी लिहून आणले आहेत. ज्यांना सही करता येणार नाही त्यांनी हारही घालू नये.

आणि माझ्यापुरते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका फलाटावर, बाकावर उभे राहून, मी जे भाषण केले ते मी आज छापील अक्षरांत, सगळ्यांसमक्ष मागे घेतो. त्या दिवशी आम्ही सगळे आकाशाकडे पाहत होतो. चाक पाहणारा तिथे एकच माणूस होता, आणि देशाचा डोळा वाचला तो त्याच्यामुळे. हे वाक्यही कुणाला कात्रण काढून फायलीत लावायचे असेल तर जरूर लावावे.

रशीदभाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे कान अजून शाबूत आहेत, गुडघे कुरकुरतात. अल्लामियाँने त्यांना भरपूर आयुष्य द्यावे, भाभींच्या हातची भाकरी पचवणारी तब्येत द्यावी, आणि ते गुडघे निदान आणखी एका प्रवासापुरते धड ठेवावेत. तो फलक त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला जावा, आणि आम्ही तिघांनी पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे. तिथे मी भाषण करणार नाही. पुंडलिकरावांना नवी ओळ वाचून दाखवीन. तेवढे वाचन माझ्याकडे, ते कागद घेऊन आले त्या सकाळपासून, राहिले आहे.